ऊन पडल्यावर येणारा डोंगर

प्रिय आई,

तुम्हाला जाऊन सहा महिने झाले आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहितेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं. असतात तर मीच वाचून दाखवलं असतं, आणि तुम्ही मध्येच थांबवून म्हणाला असतात, "सुजाता, हळू वाच गं, काय गाडी सुटायलीय का?"

आज शनिवार. दुपारचे तीन वाजलेत. बाहेर लख्ख ऊन आहे, गल्लीभर गोधड्या वाळत घातल्यात. सहा वाजता विहारात वंदना आहे. ती झाली की मी उभी राहून बोलणार आहे, तुमच्या जागेवरून. जे बोलायचंय ते तुमच्याबद्दल आहे आणि ते ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. चारचौघांत सांगायच्या आधी ते तुम्हालाच सांगावं, म्हणून बसलेय.

तुमची ती जागा मला अजून दिसते. मूर्तीच्या उजव्या हाताला, खिडकीखाली. मी मुलुंडच्या या टेकडीवर सून म्हणून आले त्या पहिल्याच वर्षावासात तुम्ही मला तिथे शेजारी बसवलं होतंत. पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी वंदना, ग्रंथाचं वाचन आणि रविवारी एका म्हाताऱ्या माणसाने उठून आपल्या आयुष्यातलं सांगायचं. तुमचा रविवार आला की तुम्ही सकाळपासून पांढरी साडी घडी मोडून ठेवायचात. चहाही धड घ्यायचा नाहीत.

मग उभ्या राहायचात आणि दरवर्षी एकाच वाक्याने सुरुवात करायचात. "मपली शोभा सहा वर्षांची होती."

शोभा, माझी नणंद. मी तिला कधी पाहिलं नाही. तुमचा विलास तेव्हा दोन वर्षांचा होता, त्यालाही ती आठवत नाही. घाटकोपरच्या टेकडीवर तुमचं घर होतं, डोंगर घसरून घरावर आला आणि शोभा गेली. त्यानंतर तुम्ही वंदनेला जाणं सोडलंत. मग वस्तीतली एक म्हातारी रोज दुपारी येऊन तुमच्याशेजारी बसायची आणि स्वतःच्या गेलेल्या मुलांचं सांगायची. उपदेश नाही, समजूत नाही, नुसतं सांगायची. चार महिन्यांनी तुम्ही तिचा हात धरून पुन्हा विहारात गेलात.

आणि शेवटी तुम्ही म्हणायचात, "देवानं नेली म्हणायला सोपं हाये, बायांनो. पण आपल्या धम्मात दुःखाला कारण असतं. कारण दिसलं तर बोलून दाखवायचं. गप बसलं की ते दुसऱ्याच्या घरात शिरतं."

सुरुवात आठवते, शेवट आठवतो. मधलं? मधलं मी ऐकलंच नाही, आई! अकरा वर्षांत अकरा वेळा सांगितलंत आणि अकराही वेळा मी मागे चहाचे कप मोजत होते.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी महिला मंडळाची सचिव झाले. कार्यक्रम आटोपशीर व्हायला हवेत, तरुण मुलं यायला हवीत, असं आमचं ठरलं. आठवतं ना, ओट्याजवळ तुम्ही भाकरी थापत होतात आणि मी म्हणाले, "आई, यंदा पाच मिनिटांत आवरा हं. दरवर्षी तेच ते होतं. पोरं हसतात मागे."

तुम्ही भाकरी उलटलीत. "हसू दे की," म्हणालात. "हसता हसता कानात गेलं तरी बास."

"तसं नाही ना आई. लोक कंटाळतात."

त्या रविवारी पाच मिनिटं बोललात. पुढच्या वर्षी तुमचं नाव पुकारलं तर तुम्ही बसल्या जागेवरूनच हात जोडलेत. बसला होतात कुठे? दाराशी, चपलांच्या शेजारी. मला वाटलं, गुडघ्यांमुळे. खरंच तसं वाटलं होतं का मला? का मी तसं वाटून घेतलं?

जानेवारीत तुम्ही गेलात. तीन दिवसांचा ताप, मग छाती भरली. दवाखान्यात माझा हात धरून एकदा "पोरी, ते..." म्हणालात आणि नर्स आली.

आता या वर्षीचं ऐका.

नऊ दिवस पाऊस थांबला नव्हता. दहाव्या दिवशी सकाळी वरच्या ओळीतली मंगल सांगत आली, "आमचं दार लागतच नाहीये गं. लाकूड फुगलं असेल. यांना म्हटलं जरा रंधा मारून घ्या."

माझ्या हातातली बादली तशीच राहिली. दार! दाराचं काहीतरी तुम्ही सांगायचात. मी वर जाऊन पाहिलं. तुम्हाला माहीतच आहे, मंगलचं घर अगदी वर, संरक्षक भिंतीला टेकून. चौकटीचा एक कोपरा बोटभर खाली आला होता. लाकूड फुगल्यावर चौकट कशी खाली येईल? आणि मोरीमागे भिंतीच्या बुडातून पाणी येत होतं. गढूळ, लालसर.

दार आणि पाणी. दोन्ही तुमच्या गोष्टीत होतं एवढंच आठवत होतं. आधी काय झालं होतं? किती दिवस मिळाले होते? घराबाहेर कधी पडायचं? काही म्हणजे काही आठवेना. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, आई. रिपोर्टमध्ये एक आकडा इकडचा तिकडे दिसला की पेशंट घरी पोचायच्या आत डॉक्टरांना फोन लावते. आणि माझ्या घरातलं माणूस अकरा वर्षं रिपोर्ट वाचून दाखवत होतं, तर मी म्हणाले, लोक कंटाळतात!

विलासला विचारलं. तो स्कूलबस लावून आला होता, जेवायला बसला होता. "आई काय सांगायची रे, पाण्याचं?"

त्याने घास खाली ठेवला. "मला नको विचारू. मी बाहेर उभा राहायचो त्या वेळी."

"का पण?"

"माझ्या बहिणीचं मरण दरवर्षी माइकवर ऐकायचं? नाही जमत मला, सुजाता."

मग कोणाला विचारणार? घाटकोपरचे तुमचे शेजारी धोंडिरामकाका मानखुर्दला असतात एवढं माहीत होतं, तुमच्या पुण्यानुमोदनाला आले होते. लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि गेले. चौथा मजला, लिफ्ट बंद. काका खिडकीत बसले होते. दिसायला कमी झालंय त्यांना, पण मी नाव सांगताच म्हणाले, "गयाबाईची सून? ये ये. घरात सगळं ठीक?"

मी म्हणाले, "काका, वरच्या घराचं दार अडकतंय."

त्यांनी मान वळवली. चहा करायला उठलेल्या सुनेला हातानेच थांबवलं. "पाणी?"

"येतंय. लाल."

"येतंय ना? चालू आहे ना अजून?"

"हो."

"ऐक नीट. पाणी येतंय तोवर डोंगर ते बाहेर टाकतोय. ज्या दिवशी ते बंद होईल, त्या दिवशी थांबू नका. पाणी संपलं म्हणून बंद होत नाही पोरी, आत कोंडतं म्हणून बंद होतं. आणि पाऊस थांबला म्हणून हसू नका. ऊन पडल्यावर येतो डोंगर. आमच्याकडे लख्ख उन्हात आला. बाया कपडे वाळत घालत होत्या." मग म्हणाले, "हे सगळं गयाबाईनं सांगितलं असेलच की तुला."

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं.

अशी खुशी झाली वस्तीत! पोरं पायऱ्यांवर खेळायला लागली. मी धावत वर गेले. मंगल हसत होती. "बघ, मोरी कोरडी झाली. सुटले बाई एकदाची."

हात लावून पाहिला. भिंतीचं बूड ओलं होतं, पण पाणी येत नव्हतं. एक थेंब नाही.

त्या संध्याकाळी वंदना संपल्यावर मी उभी राहिले. तुमच्यासारखं मला बोलता येत नाही. दार, पाणी, ऊन, एवढंच सांगितलं आणि म्हणाले, "वरच्या दोन ओळी आज खालच्या शाळेच्या हॉलमध्ये चला."

मंगलचे यजमान गौतमभाऊ विहाराचे अध्यक्ष. ते हसले. वाईट हसले नाहीत, नेहमीसारखे हसले. "सुजाता, अगं दहा दिवसांनी ऊन आलंय. लोकांना घरं वाळवू दे. आपण विज्ञान मानणारी माणसं. एखाद्याच्या जुन्या गोष्टीवर अख्खी वस्ती हलवायची?"

मला वाटलं, संपलं.

तेव्हा गौतमभाऊंची आई उठल्या, आपल्या सरूआजी. भिंतीला धरून, कण्हत. "गया काय खोटं सांगत होती का रे? तिची पोर गेली त्याच्यात. म्या अकरा वर्षं ऐकलंय. ती म्हणायची, पाणी बंद झालं की निघा. म्या निघाले." आणि खरोखर निघाल्या! त्यांच्यामागे अजून तीन म्हाताऱ्या उठल्या. ज्या मागे बसून डुलक्या काढतात असं मला वाटायचं, त्या चौघींना तुमचा शब्द न शब्द पाठ होता. म्हाताऱ्या निघाल्या म्हणून सुना निघाल्या, सुना निघाल्या म्हणून पोरं निघाली. तुमची नात अस्मिता तिची दप्तरपिशवी घेऊन सगळ्यांच्या पुढे.

गौतमभाऊ तेवढे वरच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी सरूआजींनी निरोप पाठवला, तू खाली आल्याशिवाय मी घास घेणार नाही. ते तणतणत आले. "काय चालवलंय आई तू हे," म्हणत हॉलमध्ये बसले, ताट पुढे ओढलं. दुसरी पोळी वाढत होती मंगल. तेवढ्यात आवाज आला, डंपर खडी ओततो तसा. फक्त तो थांबेच ना.

भिंत गेली, मंगलचं घर गेलं, शेजारची दोन गेली. आपल्या ओळीच्या वर दहा पावलांवर येऊन माती थांबली. माणूस एकही गेलं नाही. गौतमभाऊंनी ताट बाजूला सारलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "गयाबाईंनी वाचवलं गं." विलास हॉलच्या मागे जाऊन रडला. मला वाटलं, तुमचं ऋण फिटलं. मीसुद्धा रडले, आई, आणि खरं सांगते, मला थोडा अभिमानही वाटला.

पत्र इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं!

पाचव्या दिवशी शाळा भरायची म्हणून हॉल रिकामा करायला सांगितला. लोक परत वर निघाले. मी म्हणाले, थोडं थांबू या, कुठे तरी सोय बघू. गौतमभाऊ म्हणाले, "आता कसली भीती? यायचं होतं ते येऊन गेलं. डोंगर मोकळा झाला." मी सरूआजींकडे पाहिलं. वाटलं, त्या अडवतील. त्या म्हणाल्या, "हो की. गयाच्या गोष्टीत एकदाच येतो डोंगर."

मग मीही आले. विलासने घर धुतलं, मी गाद्या उन्हात टाकल्या. वर गौतमभाऊ पत्रे ठोकतायत, त्याच जागेवर. पत्र्यांच्या मागे मातीत एक भेग आहे, हात घातला तर कोपरापर्यंत जातो. सगळ्यांना दिसते. कोणी तिच्याविषयी बोलत नाही. आज परत येऊन पाचवा दिवस.

आणि आज बारा वाजता धोंडिरामकाकांचा फोन आला.

"कळलं मला. बरं केलंस पोरी," म्हणाले. "आता कुठे आहात सगळे?"

"घरी."

"कुठल्या घरी?"

"वर, काका. आमच्याच."

त्यांनी हळूच विचारलं, "गयाबाईनं पहिल्या वेळेचं सांगितलं नव्हतं का तुला?"

"पहिल्या वेळेचं म्हणजे?"

"घाटकोपरला डोंगर दोनदा आला गं. पहिल्यांदा एक माणूस गेला नाही. चार घरं पडली, आम्ही सगळे खाली होतो. आठवडाभराने परत चढलो. तुझा सासरा नको म्हणत होता. अजून महिनाभर भावाकडे राहू, म्हणत होता. गयाबाईच ऐकेना. आपलं घर उभं आहे, लेकरांना दुसऱ्याच्या दारात किती दिवस ठेवू, म्हणाली. तिनेच पोरांना हाताला धरून वर नेलं. आणि दुसऱ्या वेळी दार नाही, पाणी नाही, काही खूण नाही. सुटलेलीच माती ती. नुसती आली."

"किती दिवसांनी, काका?"

"परत गेलो त्याच्या सहाव्या दिवशी."

फोन ठेवला आणि पहिल्यांदा अस्मिताला खाली रेल्वेपलीकडे माझ्या बहिणीकडे सोडून आले. मग परत वर आले आणि इथे बसलेय.

का नाही सांगितलंत, आई? एवढं सगळं सांगितलंत, पोरीचं मरण सगळ्यांपुढे उघडं केलंत, आणि तेवढं एकच झाकून ठेवलंत! कारण दिसलं तर बोलून दाखवायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना? त्या एका वाक्यावाचून आज चाळीस माणसं या ऊन पडलेल्या डोंगराखाली स्वयंपाक करतायत, आणि तुमच्याच भरवशावर करतायत.

रागावले आहे मी. पण कोणावर रागावू? कदाचित तुम्ही दरवर्षी त्या वाक्याच्या जवळ जवळ येत होतात. जी बाई अकरा वर्षं तीच गोष्ट सांगते, तिला कदाचित ती अजून पूर्ण सांगायची असते. एखाद्या वर्षी जमलंही असतं. कोणीतरी समोर बसून, कप खाली ठेवून, "मग काय झालं आई?" एवढं विचारायला हवं होतं. मी तुम्हाला घड्याळ दाखवलं. दवाखान्यात "पोरी, ते..." म्हणालात, ते हेच होतं का? आता कोणाला विचारू?

विलासला हे माहीत नाही. बहीण गेली एवढंच त्याला ठाऊक आहे. आईने हाताला धरून वर नेलं, तेव्हा दुसऱ्या हाताला तोच होता हे त्याला कसं सांगू? आणि लोक म्हणतील, सून आहे ना, मेल्यावर सासूची बदनामी करते. म्हणू देत. तुमची परवानगी मी मागत नाही, आई. माफी मागते.

वचन देते तुम्हाला. तुमची गोष्ट मी पूर्ण सांगेन, तुमची चूक तुमच्याच नावाने सांगेन, आणि माझी माझ्या नावाने. या वर्षी, पुढच्या वर्षी, पोरं हसली तरी. सरूआजींना उभं करीन, धोंडिरामकाकांना टॅक्सीत घालून आणीन, आणि या वस्तीतलं एकही म्हातारं माणूस बोलत असताना मी उठणार नाही.

वरून ठोकाठोकीचा आवाज येत होता, तो आत्ता थांबलाय. जेवायला बसले असतील. साडेतीन झाले. हे सगळं मी सहा वाजता सांगणार होते, वंदना झाल्यावर, साडी बदलून, नीट शब्द जुळवून.

मी सहाची वाट कशाला बघतेय?

निघते आई. आधी मंगलकडे जाते.

तुमची,
सुजाता